आक्काचं बीपी आणि माझी सही

वर्तमानपत्राशी भांडत चहा पिणारा मी एक निवृत्त शिक्षक आहे. साताऱ्यात आमच्या आळीत सकाळी सात वाजता माझा आवाज आला नाही, तर शेजारी बायकोला विचारतात, "सरांना बरं नाही का?" कुठे वसतिगृहातल्या मुलींना पाणी नसतं, कुठे म्हाताऱ्या माणसांना उन्हात रांगेत उभं केलेलं असतं, आणि त्याच पानावर कुणीतरी स्वतःच्या वाढदिवसाला हात जोडून हसत असतो. माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, "ओरडा हवं तेवढं, पण चहा सांडू नका, पुसायला मला लागतं."

तीस वर्षं मी नागरिकशास्त्र शिकवलं. 'दुर्बलांचे रक्षण ही समाजाची जबाबदारी आहे' हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं त्याला गणती नाही. ग्रामसभा हा तर माझा हातखंडा धडा. त्यावर चार मार्कांचा प्रश्न हमखास यायचा आणि माझ्या वर्गातला ढ मुलगाही त्यात तीन मिळवायचा. स्वतः मी मात्र साठी उलटेपर्यंत एकाही ग्रामसभेत बसलो नव्हतो. त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलंही नाही.

आमचं गाव इस्लामपूरजवळ, कृष्णेच्या काठाला. माझं मतदानही अजून तिथेच आहे. नाव साताऱ्यात आणायचं म्हणता म्हणता राहिलं, आणि मत द्यायला गेलं की आत्याच्या हातचे धपाटे मिळतात, त्यामुळे मीही घाई केली नाही. आत्या म्हणजे वडिलांची सगळ्यांत धाकटी बहीण, माझ्याहून पाचच वर्षांनी मोठी. लहानपणी पोलिओ झाला आणि तिचे दोन्ही पाय गेले. गाव तिला आक्का म्हणतं. चुलतभावाच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्या तिच्या. तिथे हातानं फिरवायच्या शिलाई मशीनवर ती चाळीस वर्षं गावातल्या बायकांची झंपरं शिवते आहे. कुणाची सून बारीक झाली, कुणाची लेक माहेरी आल्यावर भरली, हे तिला टेप न लावता कळतं. गल्लीत सिमेंट झाल्यापासून ती चाकाच्या खुर्चीतून गावभर हिंडते. दंड असे की माझ्याशी पंजा लढवला तर मी हरेन.

ती एकाच ठिकाणी अडायची, आणि ते म्हणजे गावातला सरकारी दवाखाना. आमच्याकडे नदी दर दोन-चार वर्षांनी घराघरांत येऊन जाते, म्हणून दवाखान्याचं जोतं छातीइतकं उंच बांधलंय. ते शहाणपणाचंच झालं. पण त्यामुळे पायऱ्या आल्या सहा. मग व्हायचं असं की दर महिन्याला आत्या पायरीपाशी जाऊन हाक मारायची, नर्सबाई बीपीचं यंत्र घेऊन खाली यायच्या आणि भर रस्त्यावर तिच्या दंडाला पट्टा गुंडाळायच्या. समोर पानटपरी. टपरीच्या बाकावर गावातले चार-सहा रिकामे पुरुष कायम बसलेले. नर्सबाई मोठ्यानं आकडा सांगायच्या, कारण आत्याला ऐकू कमी येतं असा त्यांचा उगाच समज होता. बाकावरून लगेच शेरे यायचे. "आक्का, लोणचं बंद करा." "आक्का, काल पाहुणं आलंतं न्हवं, त्येंच्यामुळं वाढलं." आत्या हसून म्हणायची, "माजं बीपी गावाला माज्या आधी कळतंय."

उचलून वर न्यायला दहा जण तयार होते. तेच तिला नको होतं. "सा वर्साची व्हते तवापस्नं उचलत्यात," ती एकदा म्हणाली. "भावांनी उचललं, भाच्यांनी उचललं. आता पुरं." निवडणुकीच्या दिवशी तेवढी शाळेच्या पायऱ्यांवर लाकडी उतरती फळी टाकतात. त्यावरून ती स्वतःची स्वतः वर जाते, बोटाला शाई लावून खाली येते आणि दिवसभर खुशीत असते. दुसऱ्या दिवशी ती फळी टेम्पोतून निघून जाते. हे बघून माझा रक्तदाब वाढायचा, पण तो कुणी मोजत नव्हतं.

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला चुलतभाऊ फोनवर म्हणाला, आत्याला ताप आहे, थंडी वाजून हुडहुडी भरतेय. इस्लामपूरला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर चांगलेच रागावले. लघवीला महिनाभर जळजळ होत होती, ती अंगावर काढली आणि दुखणं किडनीपर्यंत पोचलं. अजून चार दिवस उशीर झाला असता तर अवघड होतं, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

"नर्सबाईंनी विचारलं नव्हतं का?" मी तिला विचारलं.

"इचारलं की."

"मग?"

तिनं दाराकडे बघून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाली, "समोर बाकावर चार बापय बसल्यालं. त्यातल्या दोघांच्या बायकांची झंपरं शिवते मी. तिथं काय सांगू? काय न्हाई म्हणलं."

तिथल्या लोखंडी स्टुलावर बसून मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. पाच दिवसांनी तिला घरी सोडून मी तडक ग्रामपंचायतीवर गेलो. खिशात दोन पानी अर्ज होता, शुद्ध भाषेतला. त्यात 'उदासीनता' हा शब्द तीनदा आला होता.

ग्रामसेवकांना आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. हे भाऊसाहेब तरुण, तीन गावं सांभाळून दमलेले. त्यांनी चहा मागवला, अर्ज पूर्ण वाचला आणि म्हणाले, "सर, दवाखान्याच्या उताराचं काम यादीत होतं. पण गावानं ठराव करून ते मागं ठेवलं आणि वेशीवरची स्वागत कमान आधी घेतली."

कमान मी पाहिली होती. तिच्यावर दोन सिंह आहेत आणि त्यातला एक मांजरासारखा दिसतो.

"गावानं म्हणजे कुणी?" मी आवाज चढवला. "पाय नसलेल्या माणसाचा उतार मागं ठेवायचा आणि सिंह पुढं, हे कुठल्या माणुसकीत बसतं? कुणाच्या सह्या आहेत? दाखवा मला. आज मी त्या सगळ्यांच्या दारात जाऊन विचारणार आहे."

भाऊसाहेबांनी कपाटातून वही काढली, पान उघडलं आणि माझ्यापुढे ठेवलं. ठराव एकमतानं मंजूर होता. खाली उपस्थितांच्या सह्या. सातव्या ओळीत आत्याची, गोल गोल अक्षरांतली. आठव्या ओळीत माझी. माझी सही मी कुठेही ओळखीन. शेवटच्या अक्षराची शेपटी उजवीकडे नेऊन तिच्याखाली दोन टिंबं द्यायची, ही माझी तीस वर्षांची सवय.

भाऊसाहेब सभ्य माणूस. ते खिडकीबाहेर बघू लागले.

आता हे कसं झालं ते सांगतो. आमच्या गावात ग्रामसभा असते, पण तिला माणसं नसतात. घंटागाडीच्या भोंग्यावरून पुकारा होतो, वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये दहा-बारा जण जमतात, आणि दुसऱ्या दिवशी शिपाई सह्यांची वही घेऊन घरोघर फिरतो. माणसं सह्या करतात. सहीला नाही म्हणणं म्हणजे दारात आलेल्याला पाणी न विचारण्यासारखं आहे. शिपाई भला माणूस, सगळ्यांच्या लग्नात वाढायला असतो. त्या दिवशी मी गावी आलो होतो आणि आत्याच्या दारात बसून धपाटे खात होतो. तो म्हणाला, "गुरुजी, तुमचं नाव बी हाय यादीत, करून टाका." मी डाव्या हातात धपाटा धरून उजव्या हातानं सही केली. आणि सही करताना मी बोलत होतो. राजकारण कसं नासलंय, लोक कसे जागे नाहीत, कागद न वाचता सह्या करणारी जनता कशी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेते, असं बरंच काही. शिपाई माना डोलावत होता. म्हणाला, "खरं हाय गुरुजी." आणि वही मिटून पुढच्या घरी गेला.

घरी येऊन मी आत्याला हे सांगितलं तेव्हा तिनं तोंडाला पदर लावला. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. हसता हसता तिला ठसका लागला, भावजय पाणी घेऊन धावली, तिलाही कळलं, मग तीही हसायला लागली. "मास्तर," आत्या डोळे पुसत म्हणाली, "चार मार्काच्या प्रश्नात तुला शून्य."

"आणि तुला?" मी चिडून म्हणालो. "तुझी तर माझ्या वर आहे. तू तरी का केलीस इतकी वर्षं?"

तिनं मशीनवरचा दोरा उगाच गुंडाळला. "खरं सांगू व्हय? मला बरं वाटायचं. माजी सही मागायला कोण तरी दारात येतंय. बाकी काय इचारायला कोण येतंय मला? झंपराच्या गळ्याबिगर."

मी तिच्या शेजारी बसून राहिलो. तिनंच शेवटी दोरा खाली ठेवला आणि म्हणाली, "पुढली सभा कवा हाय, तेवढं इचारून ये. अर्ज बिर्ज काय लिव्हू नको."

पुढचे तीन आठवडे तिनं जे केलं त्याला मोहीम म्हणणं जड होईल. ती नेहमीसारखी झंपरं शिवत होती. श्रावण तोंडावर होता, माप द्यायला बायकांची रीघ. आत्या बाहीची लांबी मोजता मोजता प्रत्येकीला एकच सांगायची, "शिपाई वही घिऊन आला की चा पाज त्येला, पर सही करू नको. सभेला ये. वर जायचं न्हाई, माज्याजवळ खालीच बसायचं." बायकांना ते लगेच पटलं. वरच्या हॉलमध्ये पुरुषांपुढे त्यांना तरी कुठं मोकळं वाटायचं? एकदोघींनी घरचे रागावतील म्हणून आढेवेढे घेतले. त्यांची झंपरं बरेच दिवस 'काजाबटनाला' राहिली, एवढंच मला माहीत आहे.

सभेच्या दिवशी मी साताऱ्याहून सकाळच्या एसटीनं आलो. या वेळी भाषण चार पानी होतं. ग्रामपंचायतीच्या अंगणात कडुनिंबाखाली सतरंज्या पडल्या होत्या आणि त्यावर पन्नास तरी बायका बसल्या होत्या. मध्ये आत्या, इस्त्रीची साडी, केसात अबोली. पोरं रांगत होती, शेंगदाणे फिरत होते, वातावरण एकंदरीत हळदीकुंकवाचं. वरच्या मजल्यावर सरपंचबाई, त्यांचे यजमान, भाऊसाहेब आणि अकरा पुरुष.

थोड्या वेळानं शिपाई वही घेऊन खाली आला. "आक्का, सही करा. वर थांबल्यात समदी."

"मी हजर कुठं हाय?" आत्या म्हणाली. "सभा वर हाय. मी खाली हाय."

शिपायानं दुसऱ्या बाईपुढे वही धरली. "मीबी खालीच हाय," ती म्हणाली. तिसरी शेंगदाणे खात नुसती हसली. शिपाई वर गेला, पुन्हा खाली आला, पुन्हा वर गेला. चौथ्या फेरीला बिचारा धापा टाकायला लागला, तेव्हा एका म्हातारीनं त्याला सतरंजीवर बसवून पाणी दिलं. मग तो वर गेलाच नाही.

शेवटी जिन्यात सरपंचबाई दिसल्या. तिशीच्या आतबाहेरची पोरगी. निवडून आल्यापासून तिच्या खुर्चीशेजारी यजमानांची खुर्ची असे आणि बोलायचं काम तीच खुर्ची करी. तिनं अंगण भरून बसलेल्या बायका पाहिल्या, मग वर तोंड करून म्हणाली, "भाऊसाहेब, टेबल खाली घ्या."

वरून यजमानांचा आवाज आला, "अगं, हॉल हाय की आपल्याला."

"आवं, सभा माज्या सहीनं भरती न्हवं? मग खाली भरू द्या."

टेबल आलं, माईक आला, खुर्च्या आल्या, आणि शेवटी ते अकरा पुरुषही टाचा घाशीत खाली आले. मी खिशातून चार पानं काढून उभा राहिलो. "सन्माननीय ग्रामस्थहो, लोकशाहीमध्ये दुर्बल घटकांचे..."

"मास्तर, बस खाली," आत्या म्हणाली. "हा तुजा तास न्हाई."

अंगण हसलं. मीही हसलो, काय करणार? पण बसण्याआधी मला एक वाक्य बोलायचंच होतं आणि ते त्या चार पानांत नव्हतं. मी म्हणालो, "कमानीच्या ठरावावर माझी सही आहे. मी सभेला नव्हतो आणि ठराव वाचलाही नव्हता. माझं चुकलं." वाक्य संपलं आणि कान गरम झाले. शिपाई सतरंजीवरूनच म्हणाला, "गुरुजी, तसं म्हणलं तर समद्यांचंच चुकलंय."

मग आत्या बोलली. माईक तिनं घेतला नाही. "माजं बीपी तुमा समद्यांस्नी ठावं हाय, त्येचं काय न्हाई. पर मला दुसरं दुखत हुतं त्ये मी सांगितलं न्हाई, कारण समोर तुमी बसला हुता." तिनं टपरीच्या बाकावर बसणाऱ्या मंडळींकडे बघितलं. रागानं नाही, नावानिशी ओळखणाऱ्या माणसासारखं. "पाच दिस इस्लामपुरात काढलं. मरायचीच येळ आलीती. मला आत जाऊन, दार लावून सांगायचंय. माजं मी जाऊन. एवढंच म्हणणं हाय."

मग टपरीवाला उठला आणि म्हणाला, "आक्का, मी टपरीचं तोंड तिकडं फिरवतो."

"टपरी ऱ्हाऊ दे. पायऱ्यांचं बघा."

त्यानंतर जी सुरुवात झाली ती थांबेना. आठवा महिना असलेली एक सून म्हणाली, त्या पायऱ्यांना कठडा नाही, मला भीती वाटते. गुडघे धरलेला एक म्हातारा, चांगला मिशीवाला, म्हणाला, "मलाबी चढवत न्हाई, पर सांगायची लाज वाटती." सरपंचबाईंनी ठराव सांगितला, भाऊसाहेबांनी लिहिला. शिपायानं वही फिरवायला घेतली तर एका बाईनं ती धरून ठेवली. "आधी वाचून दावा." भाऊसाहेबांनी ठराव वाचला. मागच्यांना ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा वाचला. मग सह्या झाल्या. माझी पाळी आली तेव्हा मी चष्मा लावून पहिल्या अक्षरापासून वाचत बसलो, तर आत्या म्हणाली, "आटप रं, चा निवतोय."

काम व्हायला दिवाळी उजाडली. गवंड्यानं पहिल्यांदा बांधला तो उतार इतका खडा होता की त्यावरून म्हैस चढली नसती. आत्यानं खुर्चीतूनच आपला टेप काढला, त्याला लांबी धरायला लावली आणि सांगितलं, "बाही आखूड झालीया तुजी. उसव." त्यानं निमूटपणे उसवला आणि लांब करून पुन्हा बांधला. कठडाही झाला.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम साताऱ्याहून आलो होतो. नारळ वगैरे काही नव्हता. आत्या उतारापाशी आली, पदर खोचला आणि चाकांना हात घातला. अर्ध्यात तिला दम लागला. मी धावत जाऊन खुर्चीला मागून हात लावला.

"हात काढ," ती मागं न बघता म्हणाली.

मी काढला. ती दोन मिनिटं तिथंच थांबली, मग एकेक झटका देत वर गेली. नर्सबाई दारात उभ्या होत्या. त्या बाजूला झाल्या, आत्या आत गेली आणि दार लागलं.

मी टपरीच्या बाकावर जाऊन बसलो. मंडळी नेहमीचीच होती. कुणी तंबाखू मळत होतं, पण मन कुणाचं त्यात नव्हतं. सगळे त्या बंद दाराकडे बघत होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. टपरीवाला म्हणाला, "आज लय येळ लागला." मिशीवाला म्हातारा म्हणाला, "सांगत आसल समदं."

दार उघडलं. आत्या बाहेर आली, उतारावरून चाकं दाबत सावकाश खाली उतरली. चेहरा असा की लहानपणी जत्रेत पाळण्यातून उतरल्यावर तिचा व्हायचा. मला राहवेना. मी उठून विचारलं, "किती आलं?"

बाकावरचे सगळे पुढे वाकले.

आत्यानं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे बघितलं. "तुमास्नी काय करायचंय?" ती म्हणाली, आणि खुर्ची वळवून घराकडे निघाली.